अकरा वाजता, पण कुणाच्या?

१६ मार्च २०२५, रविवार, रात्रीचे सव्वानऊ. भूमला मावशीच्या घरी बारक्या (माझा धाकटा मावसभाऊ, घरात सगळे त्याला हेच म्हणतात) लॅपटॉप उघडून, इअरफोन लावून, पाण्याची बाटली शेजारी घेऊन बसला. साडेनऊला त्याच्या टीमचा सामना होता. ऑनलाइन बुद्धिबळाची लीग, चार बोर्डांची टीम. दोघे टोरांटोचे, एक बर्लिनचा आणि चौथ्या बोर्डावर आमचं पोरगं. पान उघडलं तर त्याच्या नावापुढे शून्य. सामना साडेआठलाच सुरू झाला होता. हा हजर नाही म्हणून याचा डाव सोडल्याचं धरून पॉइंट समोरच्याला देऊन टाकला होता. टीम दीड-अडीचने हरली. त्याने नुसती बरोबरी केली असती तरी सामना २–२ सुटला असता.

वेळ त्याने काढली नव्हती. मी काढून दिली होती. आदल्या महिन्यात त्याने व्हॉट्सअॅपवर पोस्टर पाठवलं, त्यावर ठळक अक्षरांत "रविवार, ११ एएम ईएसटी". खाली, "ताई, आपल्याकडं किती वाजता?" मी मेसमध्ये जेवता जेवता उत्तर टाइप केलं, "साडेनऊ." सामना हुकल्यावर फोन आला. ओरडला नाही, चिडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तू तर ह्याच्यातच पीएचडी करतीयस ना?"

हो, ह्याच्यातच करतेय. म्हणून हे लिहायला बसले.

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे ती किती पोकळ आहे तेही दिसेल. ईएसटी म्हणजे ईस्टर्न स्टँडर्ड टाइम, यूटीसीच्या पाच तास मागे. सकाळचे ११ अधिक ५, म्हणजे १६:०० यूटीसी. त्यात आपले साडेपाच मिळवले की रात्रीचे साडेनऊ. हिशेब चोख. पण अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतो. २०२५ मध्ये तो रविवार ९ तारखेला होता. त्यानंतर टोरांटोत ईएसटी चालूच नसते, ईडीटी चालू असते, यूटीसीच्या चार तास मागे. पोस्टर करणाऱ्याच्या मनात "आमच्या घड्याळात अकरा" एवढंच होतं. "ईएसटी" हे त्याने सवयीने लिहिलं, जसं आपण फ्रिजमधल्या कुठल्याही पाण्याच्या बाटलीला बिसलेरी म्हणतो. मी शब्दाचा अर्थ लावला, त्याला अभिप्रेत होती भिंतीवरच्या घड्याळातली वेळ. मी बरोबर होते आणि बारक्याचा डाव गेला.

तर पहिली टीका या तीन अक्षरांवर. मार्च ते नोव्हेंबर "ईएसटी" लिहिणारा प्रत्येक आयोजक खरं तर चुकीचं लिहीत असतो, आणि वाचणाऱ्याने ती चूक ओळखून मनातल्या मनात दुरुस्त करायची असते. जो त्या देशात राहतो त्याला हे सहज जमतं, कारण तो अक्षरं वाचतच नाही, आपलं घड्याळ बघतो. अडचण फक्त बाहेरच्याची होते, म्हणजे नेमकी ज्याच्यासाठी ती अक्षरं लिहिलेली असतात त्याचीच. शिवाय ही लघुरूपं एकाच ठिकाणची नसतात. आयएसटी भारताची, इस्रायलची आणि आयर्लंडच्या उन्हाळ्याचीही. बीएसटी ब्रिटनच्या उन्हाळ्याची आणि बांगलादेशची. सीएसटी अमेरिकेच्या मध्यभागाची, चीनची आणि क्यूबाची. (मुंबईकराला तर सीएसटी म्हणजे स्टेशन, नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी.)

हे टाळायचं कसं, तर आमच्या क्षेत्रात एक तयार उत्तर मिळतं: "सगळं यूटीसीमध्ये ठेवा, दाखवताना ज्याच्या त्याच्या वेळेत दाखवा." प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षी हे मंत्रासारखं शिकवतात. माझ्या संशोधनाचा बराचसा भाग म्हणजे हा मंत्र कुठे लागू पडतो आणि कुठे पडत नाही ते नीट मांडणं. घरी सांगताना मी ते असं सांगते.

वेळ या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. पहिली म्हणजे क्षण. ग्रहण लागलं, भूकंप झाला, चेकमेट झाला. तो सगळ्या जगाला एकच. दुसरी म्हणजे घड्याळवेळ, "सकाळी अकरा". ती एकटी असेल तर तिला काही अर्थ नाही, कारण अकरा तर जगभर रोज वाजतात. तिसरी म्हणजे ठिकाण आणि त्याचे नियम, "टोरांटोत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं" वगैरे. घड्याळवेळ आणि ठिकाणाचे नियम एकत्र आले की क्षण निघतो. झालेल्या गोष्टीसाठी क्षण पुरतो, तो यूटीसीत लिहून ठेवला की काम संपलं. पण व्हायच्या गोष्टीचं तसं नाही. ती एक कबुली असते, आणि ती कबुली क्षणाची दिली होती की घड्याळाची, हे आधी विचारावं लागतं.

लग्नाचंच घ्या. गोरज मुहूर्त सूर्याला बांधलेला असतो. सूर्य मावळताना म्हणजे मावळताना, मग घड्याळात काहीही वाजोत. पण पत्रिकेतलं "भोजन रात्री ८ वाजता" हे घड्याळाला बांधलेलं असतं. एरवी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात, फरक कळतच नाही. फरक कळतो तो मधेच कुणी घड्याळ हलवलं की. आणि आपल्याकडे ते हललेलं आहे! दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे होती, यूटीसीच्या साडेसहा तास. ऑगस्टमध्ये छापलेल्या पत्रिकेतलं सप्टेंबरचं जेवण आठलाच राहिलं, गोरज मात्र घड्याळात तासभर पुढे सरकली. डेलाइट सेव्हिंग ही आपल्याला परकी भानगड वाटते, पण गावोगावच्या कुंडली मांडणाऱ्या गुरुजींना ती पाठ असते. जन्म त्या तीन वर्षांतला म्हटलं की ते न बोलता एक तास वजा करतात. संगणकशास्त्रात मी जे चार वर्षं शिकले ते त्यांच्या वहीत एका ओळीत लिहिलेलं असतं.

आता सामन्याकडे. समजा लीगच्या सॉफ्टवेअरने फेब्रुवारीत "११ टोरांटो" हे तेव्हाच्या नियमाने यूटीसीत बदलून फक्त १६:०० एवढंच साठवलं, आणि दर आठवड्याला तेच पुढे चालवलं. ९ मार्चनंतर टोरांटोच्या लोकांना सामना बारा वाजता दिसेल आणि ते म्हणतील, "अरे, आपण तर अकरा म्हटलं होतं." मूळ शब्द पुसून फक्त उत्तर ठेवल्यामुळे ते दुरुस्तही करता येत नाही. म्हणून आमचा आग्रह असा की मूळ कबुली ठेवा: "११:००, अमेरिका/टोरांटो". यूटीसी तिच्यातून काढा आणि नियम बदलले की पुन्हा काढा. जॉन स्कीट या प्रोग्रामरने २०१९ मध्ये याच मुद्द्यावर एक लेख लिहिला होता, यूटीसी साठवणं हा रामबाण उपाय नाही अशा अर्थाच्या शीर्षकाचा. त्याचा रोख युरोपवर होता. त्याच महिन्यात युरोपियन संसदेने घड्याळ हलवण्याची पद्धत २०२१ पासून बंद करण्याच्या बाजूने मत दिलं होतं. पुढे सदस्य देशांचं एकमत झालं नाही आणि युरोप आजही वर्षातून दोनदा घड्याळ हलवतोच. पण ज्यांनी त्या काळात पुढच्या वर्षांच्या वेळा साठवल्या, त्यांना हा निर्णय होईल की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

"नियम बदलले की" हे ऐकायला किरकोळ वाटतं. तसं नाही. इजिप्तने २०१६ मध्ये उन्हाळी वेळ ऐनवेळी, सुरू व्हायला जेमतेम काही दिवस असताना रद्द केली आणि २०२३ मध्ये पुन्हा आणली. मेक्सिकोच्या बहुतेक भागाने २०२२ मध्ये सोडून दिली. जॉर्डन आणि सीरियाने त्याच वर्षी उन्हाळी वेळच बारमाही केली. कझाकस्तानने १ मार्च २०२४ ला सगळा देश एका वेळेत आणला. पण कळस लेबनॉनचा. २०२३ मध्ये तिथे २६ मार्चला घड्याळ पुढे जायचं होतं. २३ तारखेला पंतप्रधान मिकाती यांनी जाहीर केलं की रमजान संपेपर्यंत, म्हणजे २१ एप्रिलपर्यंत, ते पुढे ढकललंय. मॅरोनाइट चर्चने ऐकलं नाही, काही वाहिन्या आणि शाळांनीही नाही. चार दिवस एकाच शहरात दोन वेळा चालल्या. फोन आपापल्या मर्जीने एक तास पुढे किंवा जागच्या जागी. शेवटी सरकारने माघार घेतली आणि २९ तारखेच्या मध्यरात्री सगळे एकदाचे पुढे सरकले. त्या आठवड्यात बैरुतमधल्या एखाद्या पोराचा ऑनलाइन सामना असता, तर पोस्टरवर नुसतं "रात्री ९ बैरुत" लिहून काय उपयोग होता? कुठलं बैरुत?

मुंबईकरांनी लेबनॉनला हसू नये. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईची आपली स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. त्याआधी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईवर मद्रासची वेळ लादायचा सरकारी प्रयत्न विरोधामुळे मागे घ्यावा लागला होता. १९०६ च्या जानेवारीत गिरणी कामगार रस्त्यावर आले. कामाची वेळ घड्याळावर ठरत होती, आणि घड्याळ ३९ मिनिटं पुढे करणं म्हणजे त्यांच्या लेखी तेवढं लवकर उठणं. पुढे कित्येक दशकं, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, रेल्वे आणि तारखातं एका वेळेवर तर शहराचा बराच कारभार "बॉम्बे टाइम"वर, असं चाललं. या सगळ्यावर इतिहासकार जिम मसेलॉस यांनी लिहिलंय, व्हेनेसा ओगल यांच्या २०१५ च्या पुस्तकातही मुंबईचं प्रकरण आहे. ओगल यांचं मला पटलेलं म्हणणं असं की जग एका वेळेत बांधलं गेलं ते शास्त्रज्ञांच्या एका परिषदेने नव्हे. ते अडखळत, भांडत, दशकानुदशकं होत राहिलं. माझ्या विषयातल्या लोकांना हे पुस्तक सक्तीने वाचायला लावलं पाहिजे.

कारण आमच्या विषयाचा आधारग्रंथ एक फाइल आहे आणि तिच्यात हे भांडण कुठे आहे ते पाहण्यासारखं आहे. जगातले जवळपास सगळे फोन, सर्व्हर आणि गेम ज्यावरून वेळ काढतात तो टाइमझोन डेटाबेस १९८६ च्या सुमारास आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला. पॉल एगर्ट तो अनेक वर्षं सांभाळताहेत. २०११ मध्ये एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने जुन्या वेळांच्या माहितीवरून खटला भरला, त्याच सुमारास तो आयएएनए या संस्थेकडे गेला. मूठभर लोक फुकटात, वर्षातून अनेकदा तो दुरुस्त करतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच पुढचं म्हणतेय.

त्या फाइलीत अख्ख्या भारताला एकच नोंद आहे, एशिया/कोलकाता. १८७० नंतर तिथे मद्रासच्या वेळेचा आकडा आहे, +५:२१:१०. मग १९०६ ला +५:३०. मग युद्धातले +६:३०. म्हणजे नाव कोलकात्याचं, आकडा मद्रासचा, आणि मुंबई? मुंबईच्या गिरणी कामगारांचा दंगा फाइलीत आहे, पण टिपणीत. ज्या ओळीच्या सुरुवातीला खुणेचं चिन्ह असतं ती संगणक वाचत नाही, फक्त माणूस वाचतो. भूम तर त्या काळी निजामाच्या राज्यात होतं, हैदराबाद संस्थानासाठी वेगळी ओळच नाही. यामागे डेटाबेसचा एक जाहीर नियम आहे. १९७० नंतर ज्यांची घड्याळं वेगळी चालली त्यांनाच वेगळी नोंद. नियम व्यवहार्य आहे आणि सामने लावायला त्याने काही बिघडत नाही. माझी तक्रार वापरणाऱ्यांशी आहे. ते या फाइलीला निसर्गनियम समजतात. ती प्रत्यक्षात सरकारी हुकूम, वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि कुणी कुणी पाठवलेल्या ईमेल यांतून गोळा केलेली बखर आहे.

नावाचंही तेच. कलकत्त्याचं कोलकाता २००१ मध्ये झालं, डेटाबेसनेही नाव बदलून जुनं "पर्यायी" म्हणून ठेवलं. पण क्रोम ब्राउझरला वेळक्षेत्र विचारलंत तर तो बराच काळ "एशिया/कलकत्ता"च सांगत आलाय, फायरफॉक्स कोलकाता सांगतो. दोन यंत्रणांनी ही नावं अक्षराला अक्षर लावून ताडली की एकाच घरातले दोन खेळाडू दोन क्षेत्रांत पडतात. आम्हा धाराशिवकरांना हे समजवायची गरज नाही. एसटीच्या पाटीवर एक नाव, जुन्या दाखल्यावर दुसरं, आणि गाव तेच.

बरं, समजा सगळं नीट केलं. लघुरूपं टाळली, मूळ कबुली साठवली, डेटाबेस ताजा ठेवला. तरी एक प्रश्न उरतो, आणि मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे. मैदानावरच्या सामन्याला ठिकाण असतं, वानखेडेवरचा सामना साडेसातला म्हणजे मुंबईच्या साडेसातला. न्यू जर्सीतल्या मराठी घरात तो सकाळी दहाला बघतात, कुणी कुरकुर करत नाही. ऑनलाइन सामन्याला ठिकाणच नसतं. मग "अकरा" कुणाचे?

उत्तर न बोलताच ठरून गेलेलं असतं: आयोजकाचे. बहुतेकदा न्यूयॉर्कचे, नाहीतर मध्य युरोपचे. चेस डॉट कॉमची "टायटल्ड ट्यूजडे" ही मोठी साप्ताहिक स्पर्धा काही वर्षं न्यूयॉर्कच्या सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच अशी दोनदा होत होती. अकरा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. पाच म्हणजे मध्यरात्रीनंतर अडीच किंवा साडेतीन. मे २०२२ मध्ये चेसेबल मास्टर्सच्या उपांत्य सामन्यात प्रज्ञानंदने अनीश गिरीला हरवलं तेव्हा चेन्नईत रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी पावणेनऊला त्याला अकरावीच्या परीक्षेसाठी शाळेत हजर व्हायचं होतं. बातम्यांनी ते कौतुकाने छापलं. मला ते वाचताना कौतुकापेक्षा दुसरंच काही वाटलं. सोळा वर्षांच्या पोराने दोन वाजता गिरीला हरवावं ही त्याची थोरवी. त्याला दोन वाजता खेळावं लागावं ही व्यवस्थेची सोय.

तरी तो प्रज्ञानंद. बारक्याचं बघा. काकांची खव्याची भट्टी आहे. (भूमचा खवा कुठे कुठे जातो ते विचारू नका, त्यावर वेगळं लिहावं लागेल.) भट्टी पहाटे चारला पेटते, रविवारच्या रात्रीनंतर सोमवारीही. साडेआठचा सामना साडेदहाला संपतो, जेवून अकराला झोपता येतं. साडेनऊचा संपेपर्यंत झोपायला बारा. मी २०२५ चं कॅलेंडर घेऊन मोजलं: टोरांटोच्या रविवारी अकराला बांधलेला सामना भूमला ३४ रविवारी साडेआठला पडतो आणि १८ रविवारी साडेनऊला. बर्लिनला एरवी संध्याकाळी पाचला, पण ९, १६, २३ मार्च आणि २६ ऑक्टोबर या चार रविवारी चारला, कारण अमेरिका आणि युरोप आपापल्या तारखांना घड्याळ हलवतात. सिडनीला तर सोमवारी पहाटे एक, दोन किंवा तीन, अशा तीन वेगवेगळ्या वेळा. टोरांटोला मात्र ५२ ही रविवारी अकरा.

यातली गंमत नीट बघा. ज्यांनी आपलं घड्याळ वर्षातून दोनदा हलवलं त्यांची वेळ हलली नाही. आणि आपण कित्येक दशकं घड्याळाला हात लावला नाही, पण आपला सामना हलतो. आमच्याकडे काका म्हणाले, "लायटीसारखंच हाय म्हणा की." शेतीच्या पंपाची लाइन एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, वेळापत्रक ठरवणारा दुसरीकडे, मोटर चालू करायला उठणारा दुसरा. उपमा तंतोतंत बसत नाही, पण मला जे चार पानं घेऊन सांगायचं होतं ते त्यांनी भट्टीत सराटा फिरवता फिरवता सांगितलं.

याला पर्याय म्हणजे सामना यूटीसीलाच बांधायचा. १५:०० यूटीसी म्हणजे भूमला वर्षभर साडेआठ, टोरांटोला उन्हाळ्यात अकरा, हिवाळ्यात दहा. लक्षात घ्या, वर मी यूटीसीवर टीका केली ती साठवण्याच्या सवयीवर होती. इथे यूटीसी हीच जाणूनबुजून दिलेली कबुली आहे, ते वेगळं. बारक्याने कप्तानाला हे सुचवलं. कप्तान भला माणूस. त्याने ग्रुपवर मत मागवलं. टोरांटोच्या दुसऱ्या खेळाडूचं म्हणणं पडलं की हिवाळ्यात दहाला तो मुलीला पोहायला घेऊन जातो, अकरा ही वेळ त्याने तिच्यावरूनच ठरवलेली. आता सांगा, भट्टी मोठी की पोहणं? मी भूमची, माझं मत कुणाला लागणार ते उघड आहे, म्हणून मी ते दिलं नाही. संगणकाने याचं उत्तर देऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं, पण हा प्रश्न आहे एवढं तरी सॉफ्टवेअरने विचारावं. मी पाहिलेल्या एकाही सामने लावणाऱ्या फॉर्ममध्ये "ही वेळ कुणाच्या घड्याळाला बांधायची?" असा रकाना नाही. वेळक्षेत्राचा रकाना आयोजकाच्या फोनवरून आपोआप भरलेला असतो, आणि जे आपोआप भरलं जातं त्यावर भांडण होत नाही.

डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी एक सोय आहे. क्षणाचा आकडा विशिष्ट खुणांत लिहिला की प्रत्येकाला आपापल्या घड्याळातली वेळ दिसते. एका सामन्यासाठी याहून सोपं काही नाही आणि आयोजकांनी ते वापरायलाच हवं. पण भूमपर्यंत सामना डिस्कॉर्डने येत नाही, पोस्टरने येतो. कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो, कुणी त्यावर ट्रॉफीचं चित्र चिकटवतो, आणि चित्रातली अक्षरं गोठलेली असतात. शिवाय स्क्रीनशॉट ज्याने काढला त्याच्या घड्याळातली वेळ त्यात उतरते आणि ती कुणाची हे खाली लिहिलेलं नसतं. ते ईएसटीहूनही वाईट.

आणखी एक गोष्ट, जी मला कुठल्याच संशोधनलेखात सापडली नाही पण मावशीच्या बोलण्यात रोज असते. "मंगळवारी रात्री अडीचला" असं आपण म्हणतो तेव्हा कॅलेंडरवर बुधवार लागलेला असतो. आपला वार उजाडल्यावर बदलतो, पंचांगातही सूर्योदयापासूनच. अॅप मात्र मराठीत भाषांतर करून "बुध, प. २:३०" दाखवतं. बारक्याच्या मित्राने अशी एक पात्रता फेरी घालवली. बुधवारी रात्री जागून बसला, फेरी आदल्या रात्रीच होऊन गेलेली. मराठी अक्षरं दाखवणं म्हणजे मराठीत वेळ सांगणं नव्हे. "मंगळवारची रात्र, पहाटे अडीच (बुधवार लागल्यावर)" एवढं लांब लिहावं लागलं तरी चालेल, जागा असते पडद्यावर.

भाऊबीजेला भूमला गेले होते. मतदानाचा निकाल असा लागला की या वर्षापुरतं टोरांटोचे अकराच राहू द्यायचे. पण दर महिन्याला कप्तानाने सगळ्यांच्या वेळा मांडून टाकायच्या, आणि ज्या रविवारी कुणाची वेळ सरकते तो रविवार लाल रंगात. ओवाळून झाल्यावर बारक्याने ताटातला करंजीचा तुकडा तोंडात टाकत फोन पुढे केला. नवं पोस्टर होतं:

२६ ऑक्टोबर: टोरांटो ११:००, बर्लिन १६:००, भूम २०:३०.
२ नोव्हेंबर: टोरांटो ११:००, बर्लिन १७:००, भूम २१:३०.

इंडिया नाही, भूम. कप्तानाला ते शहर वाटत असावं. "ताई, ह्ये बरोबर हाय का बघ," बारक्या म्हणाला, "आन् जेवता जेवता नको बघू." मी ताट बाजूला ठेवलं आणि दोनदा मोजलं. दोन्ही ओळी बरोबर होत्या.